दुसऱ्या हाताचं अक्षर

मी केलेल्या एका अनुवादाची प्रुफं हातात आली तेव्हा पहिल्या बारा पानांत काहीच खटकलं नाही. वेलांट्या जागच्या जागी होत्या, परिच्छेद नीट सुटले होते. तेराव्या पानावर मी थांबले. कादंबरीतली धाकटी बहीण दार उघडते आणि थोरलीला म्हणते, ये ना, बस. लगेच त्याच ओळीत पुढचं वाक्य: कशाला आलीस तू. मी दिलेल्या फाइलमध्ये हे दुसरं वाक्य तिरपं होतं. ते ती बोललेलीच नव्हती, मनात म्हणाली होती. समोरच्या पानावर मात्र ती बहिणीच्या तोंडावर बोलून मोकळी झाली होती, आणि थोरली ते ऐकूनही हसत आत येऊन खुर्चीत बसत होती.

मूळ लेखिकेनं संवादांना अवतरणचिन्हं दिलेलीच नाहीत. उघड बोललेलं सरळ अक्षरात, मनातलं इटॅलिकमध्ये, एवढीच तिची खूण. मजकूर एका फॉंटमधून दुसऱ्यात नेताना कुठेतरी ती खूण गळून पडली होती. मी पुढची पानं चाळली. सगळीकडे तेच. जी बाई अख्ख्या पुस्तकात एकही कडू शब्द तोंडातून काढत नाही, आणि म्हणूनच वाचणाऱ्याचा जीव कासावीस करते, ती पानोपानी भांडत सुटली होती. एक अक्षर चुकलेलं नव्हतं, एक शब्द वगळलेला नव्हता, आणि तरी पुस्तक दुसरंच झालं होतं.

मी पेन्सिल घेतली आणि 'कशाला आलीस तू' या शब्दांखाली रेघ मारली. मग पुढच्या पानावर. मग त्याच्या पुढच्या. चारशेच्या वर रेघा झाल्या तेव्हा आठवडा सरला होता.

ही रेघ मला शिकवली एका वयस्क मुद्रितशोधकांनी. त्यांचं निम्मं आयुष्य शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांत, गेलेलं. मी नवखी होते, आणि प्रुफात शब्दाखाली रेघ दिसली की लेखकाला तो शब्द अधोरेखित हवाय, असं समजून चालले होते. ते म्हणाले, "ही रेघ वाचकासाठी नाही, बाळ. कंपोझिटरसाठी आहे, खिळे जुळवणाऱ्यासाठी. तिचा अर्थ, हा शब्द दुसऱ्या केसमधून, खिळ्यांच्या दुसऱ्या पेटीतून, उचल." एक सरळ रेघ म्हणजे इटॅलिक, नागमोडी रेघ म्हणजे ठळक, आणि इंग्रजी मजकुरात दोन रेघा म्हणजे छोटी कॅपिटल. तेव्हापासून अधोरेखित शब्द पाहिला की मला तो अजून न घडलेला इटॅलिक शब्द वाटतो.

टाइपरायटरच्या काळात तर लेखकांना दुसरा इलाजच नव्हता. यंत्रात एकच ठसा. तिरपं हवं असेल तर शब्द टंकायचा, गाडी मागे घ्यायची आणि खालून रेघ ओढायची. १९६१ मध्ये आयबीएमनं अक्षरांचा गोळा असलेलं यंत्र आणलं. तो गोळा काढून तिरप्या अक्षरांचा गोळा बसवता यायचा. म्हणजे तिथेही तेच: सरळ अक्षराला कोणी तिरपं करत नव्हतं, अक्षरांचा दुसरा संच आणत होतं. दुसरी केस, दुसरा गोळा. आज आपण शब्द निवडून एक बटण दाबतो आणि शब्द कलतो, त्यामुळे इटॅलिक म्हणजे कललेलं अक्षर, ही समजूत घट्ट बसली आहे. मला ती मनापासून खटकते, कारण ते अक्षर मुळात दुसऱ्या हाताचं आहे.

कोणाच्या हाताचं, ते सांगायला पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सला जावं लागतं. तिथे जुने लॅटिन ग्रंथ शोधून त्यांच्या नकला करणाऱ्या विद्वानांचं एक वर्तुळ होतं. पोज्जो ब्राच्चोलिनी एकेक अक्षर सुटं, उभं, ठाशीव लिहायचा. त्याच्यासारख्यांच्या अक्षरावरून पुढे छपाईतला सरळ 'रोमन' ठसा आला. त्याचा स्नेही निक्कोलो निक्कोली हा नकला करण्यात त्याहून घाईचा माणूस. १४२० च्या दशकात त्याच्या हाताला एक जलद वळण बसलं: लेखणी कमी वेळा उचलायची, एका अक्षराची शेपटी दुसऱ्यात न्यायची, आणि ओघात सगळं किंचित पुढे झुकू द्यायचं. पोपच्या दफ्तरातल्या लेखनिकांनीही अशाच धावत्या अक्षराला आपलं रूप दिलं. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाचं ते अक्षर. तिरपेपणा त्यात आला तो वेगामुळे, चालणारा माणूस थोडा पुढे वाकतो तसा.

या अक्षराचे खिळे पहिल्यांदा पाडले व्हेनिसमध्ये. छापखाना आल्दुस मानुतियुसचा, कोरणारा बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो. कोरणं म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळे पाडायचे. जे वळण लेखणीच्या एका सपाट्यात येतं ते या माणसानं पोलादातून कानसीनं काढलं. १५०० मध्ये संत कॅथरीनच्या पत्रांचं एक पुस्तक आल्दुसनं छापलं. त्यातल्या चित्रात संतीणीच्या हातात उघडं पुस्तक आहे आणि त्या चित्रातल्या पुस्तकावर चार शब्द: येसु दोल्चे येसु आमोरे, म्हणजे गोड येशू, प्रेममय येशू. छापलेलं पहिलं इटॅलिक ते. एखाद्या बाईच्या हातातल्या, तिच्या खासगी प्रार्थनेच्या शब्दांपासून या ठशाची सुरुवात व्हावी, हे मला फार लोभस वाटतं.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १५०१ मध्ये, रोमन कवी व्हर्जिलच्या कवितांचं अख्खं पुस्तक या अक्षरात निघालं. हातात धरून, चालता-चालता वाचता येईल एवढा छोटा आकार. मी त्याचं पान संगणकावर मोठं करून कितीतरी वेळ पाहत बसले होते. सगळ्यांत आधी जाणवतं ते हे की कॅपिटल अक्षरं तिरपी नाहीत. ग्रिफोनं तिरपी कॅपिटल कोरलीच नव्हती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक बुटकं, सरळ कॅपिटल उभं, मग थोडी मोकळी जागा, आणि मग धावती छोटी अक्षरं. कलही फार नाही, जेमतेम. दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे जोडून कोरलेले खिळे जागोजागी दिसतात. जोडाक्षरांवर वाढलेल्या माझ्या डोळ्यांना त्यात परकं काही वाटलं नाही. हात जिथे थांबत नाही तिथे खिळाही तुटू द्यायचा नाही, एवढा त्या कारागिराचा आग्रह होता.

इटॅलिक कागद वाचवण्यासाठी निघालं, ही गोष्ट जिथे-तिथे सांगितली जाते. मला ती पटत नाही. पहिलं पुस्तक पद्याचं होतं. पद्याची ओळ जिथे संपते तिथे संपते. अक्षर अरुंद केलं तर उजवीकडचा समास वाढेल, पानं कमी होणार नाहीत. आल्दुसला बहुधा ती जवळीक हवी होती: विद्वानानं स्वतःच्या हातानं, स्वतःसाठी उतरवून घेतलेल्या वहीसारखं छापील पुस्तक.

त्याच व्हर्जिलमध्ये आल्दुसनं तीन ओळींचं पद्य छापून ग्रिफोच्या हातांची स्तुती केली. पण १५०२ मध्ये व्हेनिसच्या सिनेटनं या अक्षरांवरचा हक्क दिला तो आल्दुसला. ग्रिफो तिथून निघून गेला. १५०३ मध्ये सोन्चीनो नावाच्या मुद्रकानं आपण छापलेल्या पेत्रार्का या कवीच्या पुस्तकात लिहून ठेवलं की या अक्षराचं श्रेय फ्रांचेस्कोचं आहे. पुढे बोलोन्यात परतल्यावर ग्रिफोनं स्वतः छोटी पुस्तकं छापली, मग जावयाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला, आणि त्यानंतर तो कागदपत्रांतून नाहीसाच होतो. पाचशे वर्षं जगभरच्या पुस्तकांत ज्याच्या हाताची सावली आहे, त्याचा शेवटही नीट लिहिलेला नाही.

हक्काचाही उपयोग फारसा झाला नाही. फ्रान्समधल्या लिओन शहरातल्या मुद्रकांनी हुबेहूब नकला काढल्या. आल्दुसनं १५०३ मध्ये वाचकांना सावध करणारं पत्रक छापलं आणि खोट्या आवृत्त्या ओळखता याव्यात म्हणून त्यातल्या छपाईच्या चुका एकेक करून दिल्या. लिओनवाल्यांनी ते पत्रक वाचून आपल्या चुका दुरुस्त केल्या. मी चुका शोधून पोट भरणारी बाई आहे. कोणीतरी रात्री जागून केलेली ती यादी अशी कामी आली, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

पहिली काही दशकं अख्खी पुस्तकं इटॅलिकमध्ये निघत. सरळ आणि तिरपं ही दोन वेगळी बिऱ्हाडं होती. सोळाव्या शतकात ती हळूहळू एका पानावर नांदू लागली. मुख्य मजकूर सरळ. प्रस्तावना, अवतरणं, नावं, परकीय शब्द तिरपे. मग ज्या शब्दावर जोर द्यायचा तोही तिरपा. जो ठसा एकेकाळी घरधनी होता तो पाहुणा झाला, आणि त्याला खरी किंमत आली ती पाहुणा झाल्यावरच.

जोर हा इटॅलिकचा एकच अर्थ नाही, हे मला सगळ्यांत नीट कळलं ते बायबलमुळे. इंग्रजीतल्या १६११ च्या राजमान्य भाषांतरात अनुवादकांनी एक प्रामाणिक शिस्त पाळली. मूळ हिब्रू वा ग्रीकमध्ये जो शब्द नाही, पण इंग्रजी वाक्य उभं राहायला जो घालावाच लागला, तो त्यांनी वेगळ्या ठशात दाखवला. मुख्य मजकूर तेव्हा जाड काळ्या गॉथिक अक्षरात होता म्हणून भरीचे शब्द बारीक रोमनमध्ये होते. पुढे अख्खं पुस्तक रोमनमध्ये छापलं जाऊ लागलं तेव्हा ते शब्द इटॅलिक झाले. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ घ्या: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. इंग्रजीत यातलं 'आहे' तिरपं आहे. हिब्रूत ते क्रियापद नाहीच, लागत नाही. मराठीलाही लागत नाही. परमेश्वर माझा मेंढपाळ, एवढं म्हटलं तरी आपलं वाक्य पुरं होतं. इंग्रजीला मात्र ते बाहेरून आणावं लागलं, आणि आणलं ते सांगून आणलं. प्रवचनाच्या ओघात कोणी त्या तिरप्या शब्दावर जोर देऊन वाचलं तर अर्थाचा उलटाच डोलारा उभा राहील. ज्या शब्दावर सर्वांत कमी भार टाकायचा, तोच तिरपा. अनुवादक म्हणून मला त्या माणसांचा हेवा वाटतो. आपण कुठे काय घातलं हे प्रत्येक पानावर कबूल करण्याची सोय त्यांना मिळाली होती.

विज्ञानात हाच ठसा निव्वळ नेमकेपणासाठी राबतो. प्राण्या-वनस्पतींची दोन शब्दी शास्त्रीय नावं तिरपी. जनुकाचं नाव तिरपं आणि त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं सरळ, अक्षरं तीच असली तरी. भौतिकशास्त्रात तिरपा 'एम' म्हणजे वस्तुमान, सरळ 'एम' म्हणजे मीटर. एका समीकरणात दोन्ही आले आणि छापताना कल गेला, तर विद्यार्थी वस्तुमानाला लांबीनं गुणत बसेल.

मला जास्त जवळची आहे ती इटालियन भाषेतली एक वापरणी. तिथे या ठशाला 'कोर्सिव्हो' म्हणतात, म्हणजे धावतं. वर्तमानपत्रात थोडक्या शब्दांत, रोखठोक मत मांडणारं जे छोटं सदर असतं त्यालाही 'कोर्सिव्हो'च म्हणतात, कारण ते या ठशात छापायची रीत पडली. बातमी सरळ, आणि माणसाचं स्वतःचं म्हणणं तिरपं. वेबपानांची रचना ठरवणाऱ्या प्रमाणकातही अशीच वाटणी आहे. जोर देण्यासाठी एक खूण, आणि 'वेगळा आवाज किंवा वेगळी मनःस्थिती' दाखवण्यासाठी दुसरी. दोन्हींनी पडद्यावर अक्षर सारखंच कलतं, पण आतला अर्थ निराळा. वेगळा आवाज, हे शब्द एखाद्या तांत्रिक कागदात सापडतील असं मला वाटलं नव्हतं.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरला हाच वेगळा आवाज हवा होता. १९२९ साली आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या भागात काळ मध्येच उडी मारतो आणि ती उडी इटॅलिकनं दाखवलेली आहे. त्याच्या संपादक मित्रानं इटॅलिक काढून ओळींमध्ये मोकळी जागा सोडली. फॉकनरनं ते मान्य केलं नाही, तिरपी अक्षरं परत आणवली. त्याला खरं तर वेगवेगळ्या रंगांची शाई हवी होती. तशी रंगीत आवृत्ती निघाली ती २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी. माझी चारशे वाक्यं सरळ झाली त्या आठवड्यात मला त्याची फार आठवण आली.

आता आपल्या लिपीकडे येते. देवनागरी शब्द निवडून इटॅलिकचं बटण दाबलं की काय होतं, ते एकदा भिंग लावून पाहावं. बहुतेक फॉंटमध्ये तिरपी अक्षरं वेगळी रेखाटलेलीच नसतात. संगणक आहे तेच अक्षर घेतो, त्याचा पाया जागी ठेवतो आणि वरचा भाग उजवीकडे ढकलतो. शिरोरेघ आडवी, तिला ढकलल्याचा पत्ताही लागत नाही. तिच्याखालचे काने मात्र एका कोनात कलतात. वरची तार ताणलेली आणि खांब वाऱ्यानं कललेले, असं कुंपण दिसतं. 'ठ'चं गोल पोट लंबगोल होऊन एका अंगाला लोंबतं. 'इ'च्या वळणांचा तोल जातो. आणि शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी किंवा रफार असला, तर तो पुढच्या सरळ शब्दाच्या डोक्यावर जाऊन टेकतो. रोमन लिपीतही तिरप्यापुढे सरळ आलं की अशी टक्कर होतेच. म्हणूनच संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिली तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी 'इटॅलिक दुरुस्ती' म्हणून किंचित जागा सोडायची तरतूद केली. आपल्या मजकुरात अशी जागा सोडायचं सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

यात लिपीचा कमीपणा नाही. खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराचं रूपच बदलतं. रोमनमधला छोटा 'ए' दुमजली असतो, इटॅलिकमध्ये तो एकमजली होतो, 'एफ'ला खाली शेपूट फुटतं. रशियन लिपीत तर 'त' चं छोटं अक्षर तिरपं होताना इंग्रजी 'एम'सारखं दिसू लागतं, कारण हातानं लिहिताना ते तसंच लिहितात. छपाईच्या अक्षरांचा ब्रिटिश अभ्यासक स्टॅन्ली मॉरिसन यानं १९२६ मध्ये मांडलं होतं की इटॅलिक म्हणजे रोमनच, फक्त कललेलं, असं असावं. त्या विचारानं काही टंक रेखाटलेही गेले. पण नुसतं कललेलं अक्षर ओळीत वेगळं उठून दिसत नाही, ते शेजाऱ्यासारखंच दिसतं, जरा दमलेलं. देवनागरीचं बटण आपल्याला नेमकं हेच देतं: कल देतं, दुसरा हात देत नाही.

आणि दुसरा हात आपल्याकडे होता. बालबोध आणि मोडी. बालबोध अक्षर सुटं, उभं, पोथीचं. मोडी दफ्तराची: आधी पानभर आडव्या रेघा आखून घ्यायच्या आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायची. निक्कोलीच्या आणि पोपच्या लेखनिकांच्या हाताला जी घाई होती तीच कारकुनांच्या हाताला होती. दोन्ही अक्षरं एका कागदावरही भेटत. मोडी पत्रावर उमटवलेली शिवाजी महाराजांची मुद्रा देवनागरीत आहे. धावता मजकूर मोडीत, आणि जे ठाम, कायमचं, ते बालबोधीत. मोडीचे खिळेही पाडले गेले होते, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेरामपूरच्या छापखान्यात. पण बालबोध मजकुरात दुसरा आवाज म्हणून मोडी, अशी जोडी छपाईत रुजली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतूनही गेली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये, संगणकासाठीच्या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत, जागा मिळाली खरी, पण आज माझ्या वाचकासमोर मोडीतलं वाक्य ठेवलं तर त्याला ते वाचता येणार नाही. मी ते मागतही नाही. मागते ते एवढंच की कोणी देवनागरीसाठी जोडीदार ठसा रेखाटायला बसेल, तेव्हा त्यानं पट्टी घेऊन काने कलवू नयेत. भरभर लिहिणाऱ्या माणसांच्या वह्या पाहाव्यात. शिरोरेघ कुठे सुटते, काना खाली वळून पुढच्या अक्षराला कसा जाऊन मिळतो, अनुस्वार कुठे उडतो. ते अक्षर आपल्या हातात आहे, अजून धातूत किंवा पडद्यावर उतरलेलं नाही.

सगळ्याच लिप्यांनी हा मार्ग धरला असंही नाही. गॉथिक अक्षरात छापणारे जर्मन मुद्रक जोराच्या शब्दातली अक्षरं एकमेकांपासून दूर करायचे. जपानी मजकुरात शब्दाच्या बाजूनं, दर अक्षराला एक, असे ठिपके देतात. आपण शब्द ठळक करतो, आणि मला तो उपाय कथा-कादंबरीत सोसत नाही. ठळक शब्द पान उघडताक्षणी, वाक्यापर्यंत पोचायच्या आधीच दिसतो. इटॅलिक शब्द त्याच्यापाशी पोचल्यावरच दिसतो.

पण जोरापुरतं बोलायचं तर मराठीला ठशाची गरज तशी कमीच. ही गोष्ट मला अनुवाद करताना कळत गेली. त्याच कादंबरीत एक वाक्य तीनदा येतं: मी तुला बोलावलं नव्हतं. इंग्रजीत तिन्ही वेळा शब्द तेच, फक्त तिरपा शब्द बदलतो. पहिल्यांदा 'मी' तिरपा आहे, तर मी लिहिलं, "मी थोडीच तुला बोलावलं होतं?" दुसऱ्यांदा 'तुला' तिरपं, तर, "तुला कुठे बोलावलं होतं मी?" तिसऱ्यांदा क्रियापद तिरपं, आणि तिथे झालं, "बोलावलं असं नव्हतं मी तुला." ठसा बदलायची वेळच आली नाही. 'मीच बोलावलं', 'मी तर बोलावलं', 'मीही बोलावलं', 'मी बोलावलं की', 'मी बोलावलं ना': पाच वेगळे सूर, पाचही सरळ अक्षरात. इंग्रजीला या पाचांसाठी बरेचदा एकच कल पुरवून वापरावा लागतो. तो 'च' एवढासा, एका काठीचा. त्याच्याइतकं काम करणारा ठसा मी पाहिलेला नाही. म्हणून इंग्रजीतलं जोराचं इटॅलिक जसंच्या तसं मराठीत कललेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. अनुवादकानं वाक्य कानानं ऐकलेलं नसतं, डोळ्यानं उचललेलं असतं.

मनातल्या बोलण्याला मात्र 'च' पुरत नाही. धाकट्या बहिणीची चारशे वाक्यं परत उभी करायची होती आणि प्रकाशनाकडचा फॉंट तोच, ढकललेला. आधी मी एकेरी अवतरणं देऊन पाहिली. ती दिली की वाक्य कोणीतरी म्हटल्यासारखं होतं, आणि न म्हटलेलं हाच तर सगळा मुद्दा. वाक्य वेगळ्या ओळीवर घेतलं तर बोलणं आणि मन यांच्यात एक श्वास पडतो. मूळ पुस्तकात तो नाही, तिथे 'ये ना, बस' आणि 'कशाला आलीस' एकाच श्वासात येतात. पानंच्या पानं तिरपी ठेवणंही मला नको होतं. लांबलचक तिरपा मजकूर डोळ्यांना शिणवतो, आणि वाचनाची अडचण असलेल्यांसाठी तो टाळा असं ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनही सांगते.

शेवटी त्याच फॉंटमधली सर्वांत बारीक रेघेची शैली घेतली. सरळच, पण फिकी. उघड बोललेलं नेहमीच्या जाडीत, मनातलं बारीक. पहिलं पान छापून पाहिलं तेव्हा 'कशाला आलीस तू' कुजबुजीसारखं दिसलं, आणि थोरली बहीण पुन्हा काही न ऐकता आत येऊन बसली.

एका जागी तेही चालेना. शेवटच्या प्रकरणात थोरली निघते, दारापर्यंत जाते, आणि धाकटी एकच शब्द बोलते: राहा. हा शब्द ती मोठ्यानं बोलते, तरी मूळ लेखिकेनं तो इटॅलिकमध्ये ठेवला आहे. इतकी पानं मनात राहिलेला आवाज तिथे पहिल्यांदा तोंडातून येतो. बारीक केला तर तो तिनं उच्चारलाच नाही असं होतं. सरळ ठेवला तर 'ये ना, बस'सारखाच एक शिष्टाचाराचा शब्द होतो. मी प्रुफावर त्याच्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, हा एवढा तिरपा हवा.

जुळणी करणाऱ्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यानं बटण दाबलं. 'राहा'चा शेवटचा काना पुढच्या 'म्हणाली'वर कलला आणि दोन्ही शिरोरेघा जवळजवळ एक झाल्या. त्यानं मध्ये केसभर जागा टाकली. ती जास्त वाटली, त्या बाईनं शब्द म्हणून मग वाट पाहिल्यासारखी. "निम्मी करून बघ," मी म्हणाले. त्यानं निम्मी केली, पडदा मोठा केला, आणि आम्ही दोघंही पुढे वाकून त्या दोन अक्षरांमधल्या फटीकडे पाहत राहिलो.